रेडिएशनची सीट घेऊ की पुन्हा नीट देऊ?

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

मॅडम, मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावची. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं, इंटर्नशिप झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रात पोस्टिंग असताना एक बाई आल्या. अंगावरून जातंय म्हणून कित्येक महिने गोळ्या खात होत्या, पण एकदाही कुणी स्पेक्युलम लावून बघितलं नव्हतं. मी बघितलं तेव्हा अख्खं गर्भाशयमुख गाठीने भरलेलं होतं. तेव्हापासून कॅन्सरमध्येच काम करायचं मनात आहे. नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत मेडिसिन थोडक्यात हुकलं आणि एमडी रेडिएशन ऑन्कॉलॉजीची, म्हणजे किरणांनी कॅन्सरवर उपचार करायच्या शाखेची, सरकारी सीट मिळतेय. दादा म्हणतो, एक वर्ष ड्रॉप घे, मेडिसिन मिळव, मग डीएम, म्हणजे त्यापुढची सुपरस्पेशालिटी, कर. रेडिएशनवाल्याला स्वतःचं हॉस्पिटल टाकता येत नाही. आईची धास्ती वेगळीच : किरणांत काम केलं तर पुढे मूलबाळ होईल ना? मला स्वतःला भीती वाटते ती, रोज इतकी दुखणी आणि मरणं बघून मी टिकेन का याची. आणि रेडिएशन करून नंतर डीएम मेडिकल ऑन्कॉलॉजी (औषधांनी कॅन्सरवर उपचार) करता येतं का? कॉलेजात रिपोर्टिंगला आठवडा उरलाय. – एस.

प्रिय एस.,

आठवडाच उरलाय म्हणून निकाल आधी सांगते, कारणं मागाहून. सीट घे. मात्र घेण्याआधी एक दिवस काढून तो विभाग डोळ्यांनी बघून ये आणि मी पुढे लिहितेय ते प्रश्न तिथल्या रेसिडेंटना विचार. उत्तरं अगदीच वाईट आली तर दादाचं ऐक.

आधी तुझा शेवटचा प्रश्न, कारण बाकीच्या प्रश्नांचा निम्मा गुंता त्यातच आहे. हो, करता येतं. डीएम मेडिकल ऑन्कॉलॉजीला मेडिसिन आणि बालरोगाच्या एमडीबरोबरच रेडिएशनचे एमडीही पात्र धरले जातात. पण प्रवेश नीट-एसएस या सुपरस्पेशालिटीच्या परीक्षेवर, आणि तिथे सोडवावा लागतो तो मेडिसिन गटाचा पेपर : हृदय, किडनी, मेंदू, हॉर्मोन, सगळं. तुझ्या शेजारी बसलेल्या पोरांनी तीन वर्षं तेच केलेलं असणार आणि तू तीन वर्षं स्क्रीनवर गाठी आखत बसलेली असणार. पास होणारे होतात, मी पाहिलेत. पण 'आत्ता रेडिएशन घेते, मागच्या दाराने डीएमला जाते' असा हिशेब मनात धरून सीट घेणार असशील तर घेऊ नकोस. अशा मुलांचं रेडिएशनही अर्धवट राहतं आणि मेडिसिनही.

दादाच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. मेडिसिन करून डीएम झालेला डॉक्टर फिजिशियन म्हणून पक्का असतो. केमोनंतर पांढऱ्या पेशी घसरलेला, ताप चढलेला, रक्तदाब खाली गेलेला पेशंट रात्री दोन वाजता कसा सांभाळायचा, हे त्याच्या हाडात भिनलेलं असतं. रक्ताचे कॅन्सर आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांट तुला खुणावत असतील तर मेडिसिनचाच रस्ता धर, ड्रॉप घे. पण तुझ्या पत्रात ल्युकेमियाचं नावही नाही. तुझ्या पत्रात आहे ती गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची बाई. पुढे गेलेल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरचा मुख्य उपचार रेडिएशन आहे, हे तू घरी सांगितलंस का?

शिवाय वर्षांचा हिशेब कर. एमएस करून एमसीएच (सर्जरीतली सुपरस्पेशालिटी) किंवा मेडिसिन करून डीएम, दोन्हीकडे पहिली तीन वर्षं दुसऱ्याच विषयात जातात, मग पुन्हा प्रवेश परीक्षा, मग तीन वर्षं कॅन्सर. मध्ये सरकारी सेवेचा बाँड येतोच. एमबीबीएसमध्ये तर कर्करोग हा वेगळा विषयच नाही. थोडा सर्जरीत, थोडा गायनॅकमध्ये, थोडा पॅथॉलॉजीत असा तुकड्यातुकड्यांनी तो शिकवला जातो. त्यामुळेच तुझ्या त्या बाईंना इतके महिने नुसत्या गोळ्या मिळाल्या. रेडिएशनमध्ये तू पहिल्या दिवसापासून कॅन्सरच्या ओपीडीत असशील. डोक्यापासून पायापर्यंत सगळ्या गाठी, लहान मूल ते ऐंशीचे आजोबा. एकच अवयव आयुष्यभर बघायचा नसेल तर ही शाखा फार श्रीमंत आहे.

केमो देता येईल का, हाही प्रश्न यात दडलेला आहे. डीएम, एमसीएच हे कोर्स आपल्याकडे तसे अलीकडचे. देशातले पहिले सुरू झाले ते १९८४ साली, चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये. त्याआधी कॅन्सर म्हणजे सर्जन आणि रेडिएशनवाला, एवढंच. इंग्लंडात आजही 'क्लिनिकल ऑन्कॉलॉजिस्ट' किरणंही देतो आणि औषधंही. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीही प्रत्यक्षात तेच चालतं. किरणांबरोबर दर आठवड्याला दिलं जाणारं सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, स्तनाच्या आणि तोंडाच्या कॅन्सरची नेहमीची केमो, हे तुझ्या एमडीत तू करशीलच. जड केमो, लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर), नव्या इम्युनोथेरपीचे चमत्कारिक दुष्परिणाम, इथे मात्र डीएमवाल्याकडे पाठवण्यात कमीपणा मानू नकोस.

आता मुख्य गोष्ट. विभाग कसा ओळखायचा? नाव, इमारत, शहर यांवर जाऊ नकोस. मोठ्या शहरातल्या विभागात मशीन बंद असतं आणि आडगावातल्या विभागात पहाटेपर्यंत रुग्ण घेतात, असं चित्र मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

पहिला प्रश्न ब्रॅकीथेरपीचा, म्हणजे आतून किरणं देण्याचा, विचार. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला बाहेरून पाच आठवडे किरणं द्यायची, २५ सिटिंग, सोबत आठवड्याला सिस्प्लॅटिन. मग गर्भाशयात नळ्या बसवून आतून किरणं द्यायची, आणि हे सगळं आठ आठवड्यांच्या आत संपवायचं. लांबलं तर गाठ परतण्याची शक्यता वाढते. आतली किरणं टाळून नुसती बाहेरची वाढवली तर ते चालत नाही. आतड्याला आणि मूत्राशयाला तेवढा डोस सोसत नाही. म्हणजे ब्रॅकीथेरपी नसलेल्या विभागात तुला तुझ्या त्या बाईचा उपचार शिकायलाच मिळणार नाही.

आणि नुसतं 'ब्रॅकी आहे का' असं विचारू नकोस. 'सोर्स शेवटचा कधी बदलला' असं विचार. सोर्स म्हणजे किरणं सोडणारा धातूचा तुकडा, बहुतेक ठिकाणी तो इरिडियमचा असतो. त्याची ताकद ७४ दिवसांत निम्मी होते, म्हणून तीन-चार महिन्यांनी नवा सोर्स मागवावा लागतो. टेंडर अडकलं, बिल थकलं की सोर्स येत नाही, आणि कागदावर असलेलं मशीन कपाटासारखं उभं राहतं. कोबाल्टचा सोर्स असेल तर तो सव्वापाच वर्षांनी निम्म्यावर येतो, तिथे ही कटकट कमी. रेसिडेंटने सोर्सची तारीख चटकन सांगितली तर समज की तो विभाग काम करतोय. 'बघावं लागेल' असं म्हणाला तर ओपीडीच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांना विचार, ते जास्त खरं सांगतील.

दुसरं, मशीन कोणतं. लिनॅक, म्हणजे विजेवर किरणं तयार करणारं मशीन, असेल तर उत्तमच. पण नुसतं कोबाल्टचं मशीन आहे म्हणून नाक मुरडू नकोस. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं आपलं भाभाट्रॉनही कोबाल्टचंच आहे, आणि त्यावर हजारो लोकांचे नीट उपचार होतात. मला काळजी वेगळ्या गोष्टीची आहे : तिथे कॉन्टूरिंग शिकवतात का? सीटीच्या दर तीन मिलिमीटरच्या कापावर गाठ कुठे संपते, लिम्फ नोड कुठले घ्यायचे, मज्जारज्जू कुठून जातो, लाळग्रंथी कुठली वाचवता येईल, हे माउसने एकेक रेषेत आखायचं. जिभेचं ऑपरेशन झालेल्या एका पेशंटचं मानेसकट आखायला पहिल्या वर्षाच्या मुलाला अख्खी दुपार लागते. त्यानंतर एखाद्या सीनियरने शेजारी खुर्ची ओढून 'हे इथे का थांबलीस?' असं विचारलं पाहिजे. ती खुर्ची ओढणारं माणूस तिथे आहे का, एवढंच बघ. बाकीचं सॉफ्टवेअर कुठेही शिकता येतं. आणि फिजिसिस्ट, म्हणजे डोसचं गणित करणारे भौतिकशास्त्रज्ञ, किती आहेत, ते रेसिडेंटना प्लॅन समजावतात का, हेही विचार. आमच्या विषयातलं निम्मं शिक्षण फिजिसिस्टच्या खोलीत होतं आणि त्याचं श्रेय त्यांना कुणी देत नाही.

तिसरं, ट्यूमर बोर्ड. सर्जन, रेडिएशनवाला, केमोवाला, पॅथॉलॉजिस्ट एका खोलीत बसून केस ठरवतात का? आठवड्यातून एकदा तरी? नसेल तर तिथे सर्जन कापून मोकळा होतो आणि चिठ्ठी देऊन पेशंट तुझ्याकडे येतो, बहुतेकदा उशिरा.

हे सगळं मध्यम निघालं तरी सीट घे आणि उणीव बाहेरून भरून काढ. रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेचे पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी अभ्यासवर्ग होतात, तिथे जा. दुसऱ्या वर्षी टाटामध्ये किंवा दुसऱ्या मोठ्या केंद्रात निरीक्षक म्हणून काही आठवडे काढता येतील का, ते विभागप्रमुखांना पहिल्याच महिन्यात विचारून ठेव. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून आहे आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे. आता तिथली पदवी होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची मिळते. तिथे तुला दिसेल ते गर्दीने भरलेलं असेल, कुणाला तुझ्याशी बोलायला वेळ नसेल, तरी गुपचूप उभी राहा. एका सकाळच्या ओपीडीत दिसतात तितके जबड्याचे कॅन्सर तुला इतरत्र महिन्यात दिसायचे नाहीत.

तिथल्याच डॉक्टरांचं एक काम तुला सांगण्यासारखं आहे. डोक्या-मानेच्या पुढे गेलेल्या कॅन्सरला निवोलुमॅब हे औषध लागतं, पण आपल्याकडे ते फार थोड्या रुग्णांना परवडतं. त्यांनी नेहमीच्या २४० मिलिग्रॅमऐवजी फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, स्वस्तातल्या तोंडी केमोच्या जोडीला देऊन पाहिलं. २०२२ साली निकाल छापून आला. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. असा प्रश्न परदेशी पुस्तकातून येत नाही, औषधाची किंमत ऐकून उठून जाणाऱ्या नातेवाइकांकडे बघून येतो. तुझ्या शिक्षणात हे बघायला शिकणंही यायला हवं. रेडिएशनमध्येही तसंच आहे. स्तनाच्या कॅन्सरला पूर्वी पाच आठवडे किरणं द्यायचे, मग तीन आठवड्यांवर आलं, आणि २०२० मध्ये इंग्लंडातल्या अभ्यासाने निवडक रुग्णांत पाच दिवसांतही तितकंच काम होतं हे दाखवलं. उदगीरहून येऊन धर्मशाळेत राहणाऱ्या बाईला पाच आठवडे आणि एक आठवडा यांत काय फरक पडतो ते तुला सांगायला नको. विभाग अजून स्तनाच्या सगळ्या रुग्णांना २५ सिटिंगच देत असेल तर का, हे नम्रपणे विचार. कधीकधी कारण खरंच असतं.

दादाचा हॉस्पिटलचा मुद्दा. खरं आहे, लिनॅक काही कर्ज काढून गाळ्यात बसवता येत नाही. कोट्यवधींचं मशीन, जाड काँक्रीटचा बंकर, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, फिजिसिस्ट, तंत्रज्ञ. रेडिएशनवाला बहुतेक करून कुठल्या तरी संस्थेतच काम करतो. ज्याला स्वतःच्या नावाची पाटीच हवी, त्याने या वाटेला येऊ नये हे मी स्पष्ट सांगते. पण 'नोकरी मिळणार नाही' हे त्यातून निघत नाही. मशीनं आता परळ-पुण्यापुरती उरलेली नाहीत. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे, नागपूर, मिरज, बार्शी आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४ लाख नवे कॅन्सरचे रुग्ण निघतात. कमी पडतायत ती माणसं, कामं नव्हे. आणि दादाला एक विचार, त्याच्या ओळखीतल्या किती डीएमवाल्यांनी लातुरात पाटी लावलीय?

आईंची धास्ती मी हसण्यावारी नेत नाही. हा प्रश्न मुलींच्या घरी हमखास निघतो आणि कुणी नीट उत्तर देत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो. त्यांना सांग : पेशंटला किरणं देताना आत एकटा पेशंट असतो. बंकरचं दार बंद झाल्याशिवाय मशीन सुरूच होत नाही. ब्रॅकीथेरपीतही नळ्या बसवून सगळे बाहेर येतात, मग सोर्स तारेवरून आपोआप आत जातो आणि काम झालं की तिजोरीत परततो. तुझ्या ॲप्रनवर अंगावर पडलेली किरणं नोंदवणारा एक बिल्ला असेल, टीएलडी बॅज, त्याचं दर तीन महिन्यांनी मोजमाप होतं. कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टची (हे किरणांचा डोस मोजायचं माप) आहे, आणि आमच्या कामात बिल्ल्यावर येणारा आकडा त्याच्या जवळपासही जात नाही. गरोदरपणात मर्यादा याहून खूप कडक होते. विभागाला कळवायचं, कामाची वाटणी बदलते. या क्षेत्रात स्त्रिया भरपूर आहेत आणि त्यांना मुलंबाळंही आहेत. शक्य असेल तर विभाग बघायला जाताना आईंना बरोबर घेऊन जा. एखाद्या लेकुरवाळ्या सीनियर डॉक्टरशी त्यांची गाठ पडली तर माझ्या या परिच्छेदाची गरजच उरणार नाही.

तुझी स्वतःची भीती. टिकशील का? पहिले सहा महिने वाईट जातात, हे खरं. पण रेडिएशनमध्ये एक सोय आहे जी बाहेरून दिसत नाही : पेशंट रोज येतो, सहा-सहा आठवडे. तोंडाला जाळीचा मुखवटा लावून घेताना घाबरणारा माणूस दहाव्या दिवशी तंत्रज्ञाला 'आज उशीर केलात' म्हणून दटावतो. बरे होऊन जाणारे तू पुष्कळ बघशील. स्वरयंत्राचा लवकर सापडलेला कॅन्सर तर बहुतेकदा किरणांनीच, आवाज शाबूत ठेवून बरा होतो. वाईट बातमी सांगणं मात्र आपल्याकडे कुणी धड शिकवत नाही. 'डॉक्टर, बाबांना सांगू नका' असं मुलगा दाराबाहेर येऊन सांगतो, आणि बाबा खोलीत तुला विचारतात, 'शेक कशासाठी देताय?' यावर काय म्हणायचं हे परीक्षेत विचारत नाहीत, म्हणून अभ्यासक्रमात असूनही राहून जातं. मी अशा वेळी मुलालाच विचारते की बाबांना काय माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. बहुतेकदा बाबांना सगळं माहीत असतं आणि तेही मुलाला जपत असतात. मग आत जाऊन बाबांना विचारायचं, तुम्हाला किती सांगू? जेवढं मागतील तेवढंच द्यायचं, थापा मारायच्या नाहीत.

त्यासाठी उपशामक, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या, उपचारांच्या विभागात पोस्टिंग माग. आपल्याकडे एमडी पॅलिएटिव्ह मेडिसिनला २०१० मध्ये मान्यता मिळाली आणि टाटामध्ये २०१२ ला कोर्स सुरू झाला, म्हणजे ही शाखा अजून लहान आहे. तरी जिथे असेल तिथे जा आणि वेदनेवरचं मॉर्फिन लिहायला शीक. २०१४ ला अमली पदार्थांचा कायदा बदलून परवान्यांची अडथळ्यांची शर्यत कमी झाली, तरीही कितीतरी एमडी झालेल्या डॉक्टरांचा हात मॉर्फिन लिहिताना थरथरतो, आणि पेशंट वेदनेत घरी जातो. तू टिकशील की नाही हे बरंचसं यावर ठरतं. आपण काहीच करू शकत नाही असं रोज वाटलं तर माणूस मोडतं. दुखणं थांबवता येतं हे हातात असलं तर सहसा मोडत नाही.

आणखी एक. प्रवेश घेतल्यानंतर सीट सोडण्याचा दंड मोठा असू शकतो आणि पुढच्या प्रवेशावरही बंधनं येऊ शकतात. 'घेऊन ठेवते, आवडलं नाही तर बघू' हा विचार करू नकोस. यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाच, व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सल्ल्यावर जाऊ नकोस.

प्रबंधाचा विषय पहिल्या काही महिन्यांतच द्यावा लागतो आणि मुलं घाईत सीनियरचाच विषय थोडा फिरवून घेतात. तुला एक सुचवते. तुझ्या जिल्ह्याला लागून, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला होता. तिशी ते एकोणसाठ या वयात एकदाच एचपीव्हीची (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची) तपासणी केली, तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली ते जगभर छापून आलं. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलचा त्यात हात होता, आणि बार्शीला ग्रामीण भागातल्या कॅन्सर रुग्णांची नोंदणी १९८७ पासून होतेय. म्हणजे जिल्ह्याच्या पातळीवर काम होतं आणि त्याने जगाचे नियम बदलतात, याचा दाखला तुझ्या घरापासून एसटीच्या अंतरावर आहे. तू तुझ्या विभागात एवढंच मोज : गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या किती बायका आठ आठवड्यांत उपचार पूर्ण करतात, आणि ज्या करत नाहीत त्या कशामुळे थांबतात? गाडीभाडं, सोर्स नसणं, पेरणी, नवऱ्याने न सोडणं, रक्त कमी म्हणून परत पाठवणं. मशीन कसलंही असलं तरी हा प्रबंध करता येतो, आणि गाईडला सहसा आवडतो, कारण त्यात खर्च नाही.

विभाग बघून आलीस की सोर्सची तारीख मला कळव. रिपोर्टिंगच्या आधी दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल, मी लगेच उत्तर देईन.